कपाटाचा वास : बळदापासून प्लायवूडपर्यंत



दसरा-दिवाळी आणि लग्नसराई, या दोन हंगामांत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, नवीन कपाट घेतलंय, पण दार उघडलं की डोळे चुरचुरतात. काय करू?" याच प्रश्नाचं दुसरं रूप म्हणजे, "जुनं कपाट स्वस्तात मिळालं, पण कपड्यांना कुबट वास लागतो. कापूर ठेवू की डांबरगोळ्या?"

वास घालवायचा कसा, एवढंच लोकांना हवं असतं. पण त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो : वास कशाचा आहे? काही वास नुसते नकोसे असतात, त्यांनी बिघडत काहीच नाही. काही वास मात्र धोक्याची सूचना असतात. आणि एखाद्या वेळी ज्या गोष्टीला आपण "छान वास" म्हणतो, तीच तान्ह्या बाळाला आजारी पाडते. कोणता वास कोणत्या गटातला हे कळायला थोडा इतिहास उपयोगी पडतो. कारण कापूर, डांबरगोळी, लिंबाचा पाला, फिनाईल हे सगळे उपाय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींसाठी घरात आले. अडचण गेली, उपाय मात्र राहिला.

बळद, पेव आणि लिंबाचा पाला

आपल्या जालना भागातलं जुनं माळवदाचं घर आठवा. जाड मातीच्या भिंती, भिंतीत कोनाडे आणि फडताळं, धान्यासाठी बळद किंवा कणगी, मोठ्या शेतकऱ्याकडे जमिनीखाली पेव. कपडे गाठोड्यात नाहीतर लाकडी पेटीत. आजच्या अर्थाने "फर्निचर" फारच थोडं.

तेव्हाचे शत्रू दोन : ओल आणि कीड. त्यावरचे उपाय साधे होते. धान्यात लिंबाचा वाळलेला पाला, कपड्यांत वेखंडाचे तुकडे, आणि पावसाळा संपला की सगळं सामान अंगणात काढून कडक ऊन दाखवायचं. या तिन्हींमागे शास्त्र आहे. लिंबातल्या ॲझाडिरॅक्टिनसारख्या कडू द्रव्यांमुळे किडीचं खाणं आणि वाढ अडते. वेखंडातलं उडून जाणारं तेल किडीला नकोसं होतं. ऊन ओल काढून टाकतं, आणि ओल नसली की बुरशी वाढत नाही.

यातला कुठलाच उपाय "सुगंधासाठी" नव्हता, हे लक्षात घ्या. वास जाणं हा नुसता परिणाम होता. मूळ काम ओल आणि कीड काढण्याचं होतं.

पेवाबाबत तर आणखी एक शिस्त होती. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आधी त्यातली हवा जाऊ द्यायची. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो, प्राणवायू कमी होतो आणि आत गेलेला माणूस गुदमरतो. बंद जागेतली हवा आधी मोकळी करा, मग आत जा. नवीन कपाटासाठीही हाच नियम आहे. त्याकडे पुढे येऊच.

जेव्हा वास म्हणजेच रोग होता

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ आर्थर वेलस्ली आणि शिंदे-भोसले यांच्या फौजांमध्ये मोठी लढाई झाली. पुढे जालन्यात लष्करी छावणी बसली. त्या काळात हिंदुस्थानात फिरणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या सामानात पितळी कोपऱ्यांच्या लाकडी पेट्या असत. त्यातल्या काही चीनकडून येणाऱ्या कापराच्या लाकडाच्या. या लाकडाला मुळातच कापराचा वास असतो, त्यामुळे लोकरी गणवेशाला कसर लागत नसे.

त्या काळच्या डॉक्टरांचीही एक पक्की समजूत होती : घाण वास हाच रोग पसरवतो. कुजलेल्या गोष्टींतून निघणारी दूषित हवा शरीरात गेली की ताप येतो, असं ते मानत. "मलेरिया" या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच "वाईट हवा" असा आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स नदी इतकी घाण झाली की पार्लमेंटच्या खिडक्यांना क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवलेले पडदे लावावे लागले. लोक घाबरले होते ते वासाला. गंमत म्हणजे त्या भीतीपोटी गटारं बांधली गेली, पिण्याचं पाणी स्वच्छ झालं आणि पटकी हटली. कारण चुकीचं होतं, काम बरोबर झालं.

प्रत्येक वेळी नशीब असं साथ देत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेग कसा पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे घरांवर कार्बोलिक ॲसिड फवारलं, भिंतींना चुना मारला, घरातलं सामान रस्त्यावर आणून जाळलं. पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने हेच काम सैनिकांकडून करून घेतलं. त्याचा संताप किती होता ते २२ जून १८९७ च्या घटनेने जगाला कळलं. लोकांच्या पेट्या, पलंग, अंथरुणं जळाली. उंदीर मात्र शेजारच्या घरात गेले आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही सोबत गेल्या. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवलं, आणि तेही मान्य व्हायला काही वर्षं गेली.

मलेरियाचं कोडं आपल्याच राज्यात सुटलं असं म्हणायला हरकत नाही. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, आणि त्याच संस्थानातल्या सिकंदराबादमध्ये २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. "वाईट हवा" हे कारण तिथे संपलं.

त्या काळाची एक खूण आपल्या नाकात अजून आहे. फिनाईलसारखा उग्र वास आला की आपल्याला "स्वच्छ झालं" असं वाटतं. जुन्या कपाटात फिनाईल ओतणारे लोक यातूनच तयार होतात. वास बदलला म्हणजे कारण गेलं, असं नसतं.

डांबरगोळी : सगळ्यात महत्त्वाचा भाग

घाईत असाल तर निदान एवढा भाग वाचाच.

दगडी कोळशापासून गॅस तयार करताना मागे डांबर उरतं. त्या डांबरातून पांढरे, उग्र वासाचे स्फटिक मिळाले. १८२१ मध्ये जॉन किड यांनी त्यांचं वर्णन करून नॅफ्थॅलीन हे नाव दिलं. मराठीत आपण त्याच्या गोळीला "डांबरगोळी" म्हणतो, त्यात तिचं मूळ सांगितलेलंच आहे. ही गोळी वितळत नाही, तिची थेट वाफ होते. बंद पेटीत ती वाफ साठते आणि कपडे खाणारी कसर मरते. म्हणजे डांबरगोळी हे कीटकनाशक आहे. ती कपाटाचा वास घालवत नाही, त्यावर स्वतःचा वास चढवते.

आता आपल्याकडची पद्धत बघा. बाळ जन्माला आलं की त्याला नवे कपडे घालायचे नाहीत, जुने मऊ कपडे वापरायचे. आजीच्या नऊवारीची दुपटी, मोठ्या भावंडाची झबली-टोपडी. पद्धत चांगली आहे. पण ही दुपटी येतात कुठून? वर्षानुवर्षं बंद असलेल्या ट्रंकेतून किंवा कपाटातून, डांबरगोळ्यांसकट. आणि बाळाला गुंडाळतात ती तशीच, न धुता.

काही लोकांच्या रक्तातल्या लाल पेशींमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर जन्मापासून कमी असतं. १९५६ मध्ये मलेरियाच्या प्रायमाक्विन या औषधाने काही लोकांच्या लाल पेशी का फुटतात याचा शोध घेताना ही कमतरता सापडली. नॅफ्थॅलीनमुळेही नेमकं तेच होतं. श्वासातून आणि त्वचेतून वाफ शरीरात जाते आणि लाल पेशी फुटू लागतात. नवजात बाळाला त्यामुळे तीव्र कावीळ होते. ती फार वाढली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ही कमतरता आईकडून मुलाकडे येते आणि मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त त्रास देते. आपल्या बाळात ती आहे की नाही हे बहुतेक आईवडिलांना माहीतच नसतं.

म्हणून :

- तान्ह्या बाळाचे कपडे, दुपटी, गोधडी यांत डांबरगोळी कधीच ठेवू नका.
- जुन्या पेटीतून काढलेले कपडे आधी धुवा आणि दोन-तीन दिवस उघड्यावर, उन्हात वाळू द्या. वास पूर्ण गेल्याशिवाय बाळाला वापरू नका.
- बाळाचे डोळे किंवा अंग पिवळं दिसलं, लघवी गडद झाली, बाळ सुस्त झालं किंवा दूध ओढेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. डांबरगोळीच्या कपड्यांत ठेवलं होतं का, हे आपणहून सांगा.

युरोपीय संघात २००८ पासून नॅफ्थॅलीनच्या गोळ्यांना बंदी आहे. आपल्याकडे त्या किराणा दुकानात मिळतात आणि दिसायला पांढऱ्या गोळीसारख्या असल्याने लहान मुलं तोंडात घालतात.

कापराबद्दलही दोन शब्द. तो पूजेचा म्हणून निरुपद्रवी, असा समज आहे. पूर्वी कापूर झाडापासून, मुख्यतः तैवान-जपानकडून येई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनू लागला. दोन्ही पोटात गेले तर विषारीच. दोन-तीन वर्षांच्या मुलाने छोटीशी वडी गिळली तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. कपाटात ठेवायचाच असेल तर वरच्या खणात, पुरचुंडी बांधून ठेवा. आणि मुलाने गिळलाच तर उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

लोखंडी कपाट आणि पावडरीचे दिवस

१९२३ मध्ये मुंबईत गोदरेजने पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. पुढे लोखंडी कपाट म्हणजे लग्नातल्या आंदणाचा मानबिंदू झाला. आज सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात तर पत्रा आणि पोलाद यांचं कौतुक सांगायला नको. आरोग्याच्या दृष्टीने जुनं घ्यायचं तर लोखंडी कपाट सगळ्यात बरं. पत्रा वास शोषून घेत नाही. साबणाच्या पाण्याने आतून पुसलं, कोरडं केलं आणि गंज खरवडून रंग दिला की काम झालं. वास येतो तो खणांत अंथरलेल्या जुन्या कागदाचा, रेक्झिनचा किंवा सापटीतल्या घाणीचा.

लाकडी सामानाची गोष्ट वेगळी. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत भिंतींवर डीडीटी फवारलं गेलं. त्यामुळे मलेरिया खूप कमी झाला, हे खरंच. पण त्याबरोबर "पावडर मारली की सगळं मरतं" ही सवयही घरात शिरली. ढेकणांसाठी पलंगाला, झुरळांसाठी फडताळाला, किडीसाठी धान्याच्या कोठीला बीएचसीसारखी पावडर लावली जाई. बीएचसीवर आपल्या देशात १९९७ मध्ये बंदी आली. पण लाकूड अशी द्रव्यं शोषून घेतं आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी सोडत राहतं.

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यातलं मामला हे गाव १९९४ मध्ये देशभर गाजलं. तिथे प्लेगचे रुग्ण सापडले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोक जुनी घरं सोडून बाहेर राहू लागले, घरात साठवलेलं धान्य तसंच राहिलं आणि उंदीर वाढले, असं कारण तेव्हा मांडलं गेलं. प्लेग आता फार दुर्मिळ आहे, घाबरू नका. पण उंदराचा वास येणारं जुनं सामान हलकं घेऊ नये. लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यांची धूळ श्वासात जाते. आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा.

आपला जिल्हा कापूस, सोयाबीन आणि मोसंबीचा. फवारणीची औषधं घरोघरी असतात, आणि ती बऱ्याचदा जुन्या कपाटात किंवा पेटीत ठेवतात. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. हे विष श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं, हे त्यावेळी सगळ्यांना कळलं. जुन्या लाकडी कपाटाला लसणासारखा, रॉकेलसारखा किंवा फवारणीच्या औषधासारखा वास येत असेल तर ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. तो वास सोड्याने, व्हिनेगरने, उन्हाने जात नाही. अशा कपाटात कपडे, धान्य आणि भांडी ठेवायची नाहीत.

धान्याच्या कोठीत ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या त्याहून घातक. हवेतल्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो आणि त्यावर उतारा नाही. झोपायच्या खोलीत या गोळ्या कधीच वापरू नका. वास आला तर दारं-खिडक्या उघडून सगळे बाहेर पडा. गोळ्यांवर पाणी टाकू नका. उलट्या, धाप, छातीत घुसमट असं काही वाटलं तर ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

नवीन कपाटाचा झोंबरा वास

आता आजच्या फर्निचरकडे येऊ. अखंड सागवान परवडेनासं झालं आणि प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आलं. लाकडाचे पातळ थर, भुसा किंवा चुरा डिंकाने चिकटवून हे फळे बनतात. त्यातला सर्वात स्वस्त आणि जास्त वापरला जाणारा डिंक यूरिया-फॉर्माल्डिहाइडचा. १८६७ मध्ये हॉफमन यांनी फॉर्माल्डिहाइड ओळखलं. त्याचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मॅलिन. वैद्यकीय कॉलेजात मृतदेह टिकवण्यासाठी तेच वापरतात. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारा वायू आणि तुमच्या नवीन कपाटातला झोंबरा वायू, दोन्ही एकच. फक्त प्रमाणाचा फरक.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. याचा अर्थ एका कपाटाने कर्करोग होतो असा नाही. तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात वायू घेणाऱ्या कामगारांना असतो. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी मर्यादा सांगितली : कोणत्याही अर्ध्या तासाची सरासरी दर घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्यांना सरकारने फिरत्या घरांत ठेवलं. लहान, बंद, अशाच फळ्यांनी भरलेली घरं. लोकांना डोळे चुरचुरणं, खोकला, डोकेदुखी सुरू झाली आणि तपासणीत हाच वायू जास्त सापडला.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे की उष्णता आणि दमटपणा वाढला की हा वायू जास्त सुटतो. म्हणजे जालन्याचा चाळीस अंशांपलीकडचा उन्हाळा, दुपारी बंद ठेवलेली खोली आणि त्यात कूलरचा ओलावा, हे सगळं एकत्र आलं की वास वाढणारच. दमा असलेल्या मुलांना याचा त्रास आधी होतो. चांगली गोष्ट अशी की पहिल्या काही आठवड्यांत वायूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि पुढे काही महिने ते घटत राहतं.

मग करायचं काय?

नवीन कपाटासाठी :

१. घेतानाच विचारा, फळ्या "ई-१" किंवा "ई-०" प्रतीच्या आहेत का. या फळ्यांतून वायू कमी सुटतो.
२. दारं आणि खण उघडे ठेवून दोन-तीन आठवडे हवेशीर जागेत ठेवा. पेवाचा नियम : आधी हवा, मग वापर.
३. मागची बाजू, खणांच्या कडा, स्क्रूची भोकं इथे उघडा भुसा दिसतो. वायू तिथूनच जास्त सुटतो. त्या कडांना पट्टी, लॅमिनेट किंवा पॉलिश लावून घ्या.
४. बाळाच्या किंवा दम्याच्या रुग्णाच्या खोलीत नवीन कपाट लगेच ठेवू नका.

जुन्या, कुबट कपाटासाठी :

१. पूर्ण रिकामं करा, जुने कागद फेका, सापटींत ढेकूण बघा.
२. कोमट पाणी आणि साबणाने पुसा. पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसली तर तोंडाला मास्क बांधा.
३. कडक उन्हात दोन-तीन दिवस उघडं ठेवा. लाकूड तडकू नये म्हणून दुपारी बाजू बदला.
४. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. भिंतीलाच ओल असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर वास परत येणारच.
५. उरलेल्या वासासाठी वाटीत खायचा सोडा किंवा कोळसा ठेवा. कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत वायूचे कण अडकतात. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत याच गुणाचा वापर झाला. साधा कोळसा तेवढा ताकदवान नसतो, पण तो अपाय करत नाही.

एक ताकीद : ब्लीचिंग आणि व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि वास घालवता घालवता दवाखान्यात जायची वेळ येते.

अगरबत्ती, रूम फ्रेशनर, धुरी यांनी वास झाकला जातो, जात नाही. बंद खोलीत त्यांचा धूर दम्याला वाईटच.

डॉक्टरांना कधी भेटावं?

कपाट हवेशीर ठेवूनही डोळे चुरचुरणं, शिंका, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला. रात्री धाप लागत असेल. किंवा घराबाहेर गेलं की बरं वाटतं आणि परत आलं की त्रास सुरू होतो, असं दिसलं तर भेटा. येताना कपाट कधी आणलं, कुठे ठेवलं, आत काय ठेवलं होतं हे लिहून आणा. औषधाच्या चिठ्ठीपेक्षा बऱ्याचदा ती यादीच जास्त कामाची ठरते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. घरात लहान बाळ असलेल्या नातेवाइकांना निदान डांबरगोळीचा भाग जरूर वाचून दाखवा.)